पुसले, पण गेले का?

आपल्याकडे पूर्वी मुलाच्या शिक्षणाचा आरंभ धूळपाटीवर होई. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि गुरुजींनी पाहिले की वरून हात फिरवायचा. 'धुळाक्षरे' हा शब्द त्याच पद्धतीची आठवण आहे. त्या पाटीचा गुण असा की, पुसलेले अक्षर खरोखरच नाहीसे होई. लेखनाच्या इतर साधनांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. जुना संगणक विकायला काढणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

चर्मपत्राचेच पाहा. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत होती. पुढे चर्मपत्र दुर्मिळ म्हणून कोणीतरी तिची अक्षरे खरवडून काढली आणि १२२९ साली त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या. लिहिणाऱ्याला वाटले असेल, झालं, जुने संपले! पण १९०६ साली हायबर्ग या डॅनिश पंडिताने कॉन्स्टँटिनोपलला जाऊन प्रार्थनांखालचा आर्किमिडीज वाचून काढला. त्याला जे दिसले नाही, त्यातले पुष्कळसे या शतकात निरनिराळ्या प्रकाशांत घेतलेल्या छायाचित्रांनी आणि क्षकिरणांनी उजेडात आणले.

आता संगणकाकडे वळू. १९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन एका टनाहून अधिक आणि त्यात मावत फक्त ५० लाख अक्षरे! असली अवजड वस्तू जुन्या बाजारात कोण नेणार? पुढे यंत्रे लहान व स्वस्त झाली, घरोघर आली आणि घरोघरची जुनी झाली. प्रश्न उभा राहिला तो तेव्हा.

संगणकातली फाइल आपण 'डिलीट' करतो तेव्हा काय होतं? ग्रंथालयातल्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे कार्ड काढून टाकावे, पण पुस्तक मात्र कपाटात तसेच राहावे, असा हा प्रकार आहे. ती जागा रिकामी झाल्याची नोंद तेवढी होते. तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने लेखन जागच्या जागी असते, आणि ते वाचणारी साधने सहज मिळतात.

याचा पडताळा अमेरिकेत सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलट या दोन संशोधकांनी घेतला. २००० ते २००२ या काळात त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते, आजारपणाच्या नोंदी होत्या, खासगी पत्रे होती. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तरीही शहाणपण सर्वत्र पोचले नाही. मॉर्गन स्टॅन्ले या मोठ्या वित्तसंस्थेने जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीकडे सोपवले. त्यांतल्या काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकल्या गेल्या. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीची नीट काळजी घेतली नाही म्हणून २०२२ साली या संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

मग पुसावे तरी कसे? १९९६ साली पीटर गुटमन याने त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी ३५ वेळा वरून लिहिण्याची रीत सुचवली, आणि लोक तो आकडा मंत्रासारखा धरून बसले. २००१ नंतरच्या बहुतेक चुंबकीय डिस्कना एकदा पूर्ण वरून लिहिणे पुरेसे असते, असे अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने २००६ साली सांगितले. हल्लीच्या चिपवाल्या डिस्कची, म्हणजे एसएसडीची, गोष्ट मात्र वेगळी. ती नवे लेखन जुन्याच जागी करील असा भरवसा नाही. म्हणून तिच्यासाठी निर्मात्याने दिलेली पुसण्याची आज्ञाच वापरावी. सर्वांत बरे म्हणजे पहिल्या दिवसापासून माहिती कूटबद्ध ठेवावी. विकताना किल्ली नष्ट केली की उरते ती निरर्थक अक्षरे. आणि बंद पडलेली डिस्क? ती विकूच नये, फोडून टाकावी.

आम्हां इतिहासवाल्यांचे पोट, खरे सांगायचे तर, दुसऱ्यांच्या अपुऱ्या पुसण्यावरच भरते. आर्किमिडीज मिळाला याचा आनंद कोणाला होणार नाही? पण आर्किमिडीजने ते जगासाठीच लिहिले होते. आपल्या संगणकात असते ते बहिणीचे दुखणे, मित्राने विश्वासाने लिहिलेले पत्र, म्हाताऱ्या वडिलांचा बँकखाते क्रमांक. ते त्यांनी जगाला नव्हे, आपल्याला सांगितलेले असते. तेव्हा संगणकाची किंमत ठरवण्याआधी एवढे करा: हवे ते दुसरीकडे उतरवून घ्या, बाकीचे पुरते पुसा, आणि पुसले गेले की नाही ते तपासूनच यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती द्या.