अर्ध्या बोयाची शेगडी

आम्ही शिकागोजवळ राहतो, त्यामुळे परसात ठेवायची शेगडी घ्यायची म्हटलं की कुणीतरी जॉर्ज स्टीफन यांची गोष्ट सांगतंच. ते इथल्याच वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होते. तिथे पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये बनत. तेव्हाच्या शेगड्या उघड्या, पसरट. वारा सुटला की राख थेट मांसावर. १९५२ मध्ये स्टीफन यांनी एका अर्धगोलाला पाय लावले, दुसऱ्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं ठेवली. भोकं मिटली की निखारे मंदावतात, उघडली की फुलतात. झाकणामुळे आच वरूनही लागते. म्हणून तर इथे लोक जानेवारीच्या बर्फातही भाजत बसतात. कोळशाच्या वड्या त्याआधीच आल्या होत्या: १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातलं उरलंसुरलं लाकूड त्यांत खपलं.

वेबरची गॅसवरची जेनेसिस आली १९८५ मध्ये. कामावरून आल्यावर निखारे धरायची वाट कोण बघणार? मी गॅसचीच घेतली, चिकन पटकन होतं. भरिताचं वांगं मात्र कोळशावरच, आणि याबाबत सासूबाईंचं नि माझं, कधी नव्हे ते, एकमत आहे.