हडपसरचं ग्लायडिंग आणि मुद्दाम सोडलेली केबल

मंडळी, धार-देवास-बागकडून शिकायला पुण्याला आलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी हडपसरच्या आकाशात बिनइंजिनाची विमानं पाहिली असतील. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचं हे ग्लायडिंग सेंटर. इथं पिढ्यान्‌पिढ्या पोरं उडायला शिकली.

मैदानाच्या टोकाला विंच असतं. त्याचा ड्रम केबल झपाट्यानं गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखं नाक वर करून चढतं. मध्येच केबल तुटली तर दोन-तीन सेकंदांत वेग पडतो. म्हणून एकट्याला उडू देण्याआधी हा प्रसंग मुद्दाम घडवतात. प्रशिक्षक न सांगता केबल सोडतो.

दुर्दैव असं, की जगभरात या सरावातही अपघात झाले, जीव गेले. नाक खाली केलं की सुटलो असं वाटतं, पण वेग यायला आणखी काही क्षण लागतात. तेवढ्यात वळलं की एक पंख खाली बसतो आणि ग्लायडर गिरक्या घेत कोसळतं. उंची कमी असेल तर प्रशिक्षकालाही सावरता येत नाही.

ब्रिटनच्या ग्लायडिंग असोसिएशननं २००५ मध्ये विंचच्या सुरक्षिततेची मोहीम काढली, त्यानंतर तिथले गंभीर अपघात बरेच घटले. धडा साधाच: आधी नाक खाली, मग वेग, मगच वळण. आणि शिष्य चुकला तरी सावरता येईल, एवढ्या उंचीवरच गुरूनं केबल सोडावी.

तुमच्या घरात कुणी हडपसरला शिकलं असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहा.