निबंध वाचून झाल्यावर

तुम्ही 1849च्या मुंबईत आहात. ऑगस्टचा पाऊस लागलाय. कोटाच्या भिंती अजून शाबूत आहेत. आगगाडी धावायला चार वर्षं आहेत आणि मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला आठ. भिजलेली छत्री दाराशी टेकवून तुम्ही एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या दालनात शिरता. तेलाच्या दिव्यांच्या उजेडात पागोटी, उपरणी आणि पारशी पगड्या दिसू लागतात. चेहरे मात्र कोवळे, बहुतेक विशीच्या आसपासचे. तुम्ही मागच्या बाकावर जागा धरता.

ही स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीची बैठक. प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने 13 जून 1848 रोजी ही विद्यार्थ्यांची सभा सुरू झाली. रिवाज सरळ आहे : एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. धर्म आणि राजकारण हे विषय तेवढे वर्ज्य.

आज बेहरामजी गांधी उभे राहतात. विषय आहे स्त्रीशिक्षण. ते वाचू लागतात आणि दालनातली कुजबुज थांबते. इथे बसलेला प्रत्येक जण इंग्रजी ग्रंथ वाचतो. घरी त्याच्या आईला, बहिणीला, बायकोला बहुधा अक्षरओळखही नाही. निबंध संपतो. टाळ्या पडतात, एकेक जण उठून दुजोरा देतो. इतर कुठली सभा असती, तर इथेच आभार मानून पांगली असती. पण पॅटन विषय सोडत नाहीत. नुसतं बोलून भागणार नाही, काहीतरी करा, असा त्यांचा आग्रह आहे. आणि ही मुलं तो मनावर घेतात.

आता दादाभाई नौरोजींच्या मागोमाग चला. चोविशीतला हा तरुण घरोघर हिंडतोय. तुमच्या मुलींना शिकवू द्या, ओट्यावर बसायला जागा द्या, एवढंच त्याचं मागणं. काही घरं दार उघडतात. काही ठिकाणी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी मिळते. तो पुढच्या दाराशी जातो.

ऑक्टोबर उजाडतो. सकाळचे सात वाजलेत आणि शाळा भरलीय. साऱ्या शाळा मिळून 44 पारशी आणि 24 हिंदू मुली आहेत. तुमच्यासमोर एक चिमुरडी पाटीवर मान घालून बसलीय. लेखण घट्ट धरल्यामुळे तिची बोटं पांढरी पडलीत. शिकवणारा सभेचाच सभासद. पगार नाही, मानधन नाही. दहापर्यंत इथे शिकवायचं आणि मग स्वतःच्या कामाला लागायचं. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांनी शाळेला जागा दिलीय. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आदल्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढलीय. दोन्ही शहरांत हे काम अंगावर घेणारे लोक ऐन तारुण्यात आहेत, हे विसरू नका.

आणखी थोडं पुढे या : एप्रिल 1850. सोसायटीची मराठी शाखा, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली उभी आहे. तिचं मासिक निघालंय, 'मराठी ज्ञानप्रसारक'. सभेत वाचलेले निबंध आता छापून बाहेर पडतात. कॉलेजची पायरी कधी न चढलेल्या माणसालाही सृष्टिविज्ञान, इतिहास, भूगोल आपल्या भाषेत वाचायला मिळतो. अजून मराठीत या विषयांची परिभाषाही नीट बसलेली नाही. ती हे लेखक लिहिता लिहिता घडवतायत. हे मासिक 1867पर्यंत चाललं.

विद्यार्थी मंडळाची खरी ताकद इथे दिसते. या मुलांकडे पैसा नव्हता, अधिकार नव्हता, विद्यापीठसुद्धा नव्हतं. पण एकत्र बसून वाचायची, वाद घालायची सवय त्यांनी लावून घेतली होती. पटलेल्या विचाराची जबाबदारी कोण घेणार, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. नियतकालिक त्या विचाराला कॉलेजबाहेर घेऊन गेलं आणि शाळेने तो खरा करून दाखवला. एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली.

तुमच्या कॉलेजात वाङ्मय मंडळ असेल, जिन्याजवळ भित्तिपत्रक लागत असेल, वार्षिकांकासाठी लेख मागवले जात असतील. लेख जरूर द्या, मनापासून लिहा, आणि तो चारचौघांसमोर वाचा. मात्र वाचन संपल्यावर लगेच उठू नका. यातलं आपल्याकडून काय होईल आणि ते कोण करील, हे ठरवा आणि मगच बैठक संपवा.