गहाणखतापलीकडचा हिशेब

घरासाठी कर्ज घेताना आपण कागदांच्या चळतीवर सह्या करतो. त्यांतील अटी किती जण वाचतात? हा प्रश्न मनात ठेवून सातारा-सांगलीच्या इतिहासातील एका कायद्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले. शेतकऱ्याची पत वाढली, तसे कर्जही वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र उरले. १८५९ च्या मुदत कायद्याने दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू कुळाच्या रक्षणाचा, परिणाम उलटा! मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. लोकांचा रोख मुख्यतः या खतांवरच होता.

चौकशीअंती १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांसाठी झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात होते.

मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हा हिशेब न्यायाधीशाने मुळापासून तपासावा, असे या कायद्याने ठरविले. शेतकऱ्यास कर्जापायी होणारी कैद थांबली. तेव्हा सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी. अखेर १९०७ मध्ये अशा व्यवहाराचे खरे स्वरूप तोंडी पुराव्याने तपासण्याची मुभा न्यायालयास मिळाली.

२००८ च्या गृहकर्ज संकटानंतर इतर देशांनाही हाच धडा गिरवावा लागला. स्पेनमध्ये २०१३ च्या सुधारणेने अन्यायकारक अटींचा प्रश्न जप्तीच्या कामातच न्यायालयापुढे मांडता येऊ लागला. अमेरिकेने २०१० मध्ये एक पाऊल आधीच टाकले: ऋणकोची फेडीची ऐपत कर्ज देण्यापूर्वी तपासणे हे धनकोचे कर्तव्य ठरविले. आपल्याकडे २००२ च्या कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दाव्याविना, तारण घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन त्यातून वगळली आहे.

दख्खनच्या कायद्याने मागील हिशेब तपासला, अमेरिकेने पुढील ऐपत. आमच्या मते कुटुंबाने दोन्ही तपासावे. सहीपूर्वी अटी वाचाव्यात, पावत्या जपाव्यात. आणि नोटीस आलीच, तर ते साठ दिवस लाजेपोटी गप्प राहून दवडू नयेत. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि तिला उत्तर देणे बँकेस बंधनकारक आहे.