कूलंट बदलण्याची साधने

कूलंट बदलण्याची साधने : मोटारीच्या इंजिनातले आणि रेडिएटरमधले जुने कूलंट काढून नवे भरण्यासाठी गॅरेजात वापरली जाणारी उपकरणे. त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे ड्रेन प्लग, ट्रे आणि रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारे नरसाळे एवढाच सरंजाम. दुसरा, रेडिएटरच्या पाइपात जोडले जाणारे आणि एका बाजूने जुने काढत दुसऱ्या बाजूने नवे ढकलणारे यंत्र. तिसरा, हवेच्या जोरावर यंत्रणेत व्हॅक्यूम निर्माण करून कूलंट आत ओढून घेणारे साधन. गॅरेजमालक यंत्र घ्यायला निघाला की ‘जुने किती टक्के निघते?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा मान तिसरा आहे. यंत्रणेत हवा किती मागे राहते आणि एका गाडीतले द्रव दुसऱ्या गाडीत जाते का, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे. सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या मध्यम गॅरेजसाठी साधनांचा खरा क्रम या दोन प्रश्नांवरूनच ठरतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग साधे पाणी का चालू नये, हा आक्षेप जुना आहे आणि बिडाच्या इंजिनांच्या काळात त्यात थोडे तथ्यही होते. उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरसच आहे. पण पाणी आणि एथिलिन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि रेडिएटरच्या झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरून ठेवला की हा आकडा १२५ अंशांच्या पुढे जातो. त्याहून महत्त्वाची आहेत ती कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये. आजच्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे, बहुतेकांचे हेडही अॅल्युमिनियमचे असते. बोअरचे जड पाणी घातले की जिथे धातू सर्वांत तापतो तिथेच क्षार बसतात. क्षारांच्या थराखाली धातू आणखी तापतो. म्हणून ग्लायकॉलमध्ये मिसळायलाही डिस्टिल्ड पाणीच हवे. कॉन्सन्ट्रेटचे, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटचे, प्रमाण एक तृतीयांशाच्या फार खाली गेले तर गंजरोधकांचा अंश अपुरा पडतो; उलट निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरले तर उष्णता नीट वाहून नेली जात नाही. हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की दिसते. मुठीत मावणारे हे साधन कोणत्याही मोठ्या यंत्राच्या आधी गॅरेजात असायला हवे.

आता टक्क्यांचा प्रश्न. रेडिएटरचा ड्रेन प्लग उघडला की सारे द्रव बाहेर येत नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये बरेच राहते. निम्मे निघाले तर ठीकच म्हणायचे. निम्मे काढून तेवढे नवे भरले, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून ते मिसळू दिले आणि थंड करून पुन्हा काढले, असे तीनदा केले तर जुने साडेबारा टक्के उरते. यात यंत्रणेच्या क्षमतेच्या दीडपट नवे कूलंट लागते. यंत्राने चालू इंजिनात तेवढेच, म्हणजे दीडपट, कूलंट ढकलले आणि आत गेलेले नवे क्षणोक्षणी जुन्यात पूर्ण मिसळत राहिले असे धरले, तर गणिताने सुमारे बावीस टक्के जुने उरते. नवे द्रव जुन्याला न मिसळता पुढे रेटत गेले, तर मात्र काहीच उरत नाही. प्रत्यक्षातली स्थिती या दोन टोकांच्या मधली असते : पाइपात आणि रेडिएटरमध्ये रेटण्याची क्रिया होते, ब्लॉकच्या पोकळीत मिसळण्याची. ‘एका भरणीत जवळपास सगळे बदलते’ हा जाहिरातीतला दावा दुसरे टोक गृहीत धरून केलेला असतो. यंत्राचा खरा फायदा टक्क्यांत नाही, वेळेत आहे. तीनदा काढ-भर करायची तर गाडी थंड होण्याची वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो. यंत्राचे काम त्यामानाने लवकर उरकते. रोज अनेक गाड्यांचे कूलंट बदलणाऱ्या वर्कशॉपला हा वेळ पैशासारखा आहे. आठवड्याला दोन-तीन गाड्या येणाऱ्या गॅरेजात तेच यंत्र बहुतेक दिवस कोपऱ्यात उभे राहील.

जुने दहा-पंधरा टक्के कूलंट मागे राहिल्याने, ते त्याच जातीचे असेल तर, इंजिनाचे लगेच काही बिघडत नाही. मागे राहिलेली हवा मात्र त्याच दिवशी इंजिन बिघडवू शकते. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला की तिथला धातू द्रवाशिवाय तापतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हेड वाकते आणि गॅस्केट जाते. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडलेला असेल तरच खरे सांगतो. तो हवेच्या फुग्यात आला तर डॅशबोर्डवरचा काटा मधोमध उभा राहतो आणि आत हेड भाजत असते. गॅरेजच्या अंगणात पाच मिनिटे चालवून ‘गाडी ओके’ म्हणून दिलेली मोटार खंबाटकी किंवा कसारा घाटात गरम होते, त्यामागे पुष्कळदा हा एअर लॉक असतो. पाइपात जोडायचे यंत्र भरलेल्या यंत्रणेवर चालते, त्यामुळे ते मुळात कमी हवा आत येऊ देते, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर बदलल्यावर यंत्रणा रिकामीच असते, आणि सामान्य गॅरेजात कूलंट भरण्याची वेळ बहुतेकदा अशा दुरुस्तीनंतरच येते. तिथे हे यंत्र उपयोगी पडत नाही. व्हॅक्यूमचे साधन नेमके तिथेच लागते.

या साधनाचा रबरी शंकू रेडिएटरच्या किंवा एक्सपान्शन टाकीच्या तोंडात बसतो. कॉम्प्रेसरची हवा अरुंद तोटीतून वेगाने सोडली की शेजारची हवा ओढली जाते, आणि गेजचा काटा सरकू लागतो. वरचा रेडिएटर पाइप चपटा होतो. नव्या माणसाला वाटते पाइप गेला. पण चपटा होणे हेच व्हॅक्यूम धरल्याचे लक्षण आहे. मग हवा बंद करून दोन-चार मिनिटे काटा पाहायचा. तो जागचा हलला नाही तर कुठे गळती नाही. घसरू लागला तर क्लॅम्प, झाकणाची बैठक, वॉटर पंपाचे सील तपासायचे. कूलंटचा थेंबही खर्च न करता गळती सापडते, हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण मानायला हवा. त्यानंतर दुसरी नळी कूलंटच्या कॅनमध्ये बुडवून, आधी त्या नळीतली हवा काढून, कॉक उघडला की द्रव स्वतःहून आत धावते आणि पाइप पुन्हा फुगतात. येथे दोन चुका वारंवार होतात. एक, गरम इंजिनावर व्हॅक्यूम ओढणे. ०.१५ बार एवढ्या उरलेल्या दाबाला पाणी सुमारे ५४ अंशांनाच उकळते. आत उरलेल्या द्रवाची वाफ होते, काटा वर चढत नाही आणि नसलेली गळती शोधण्यात तास जातो. दुसरी चूक सगळीकडे एकाच आकड्याची अपेक्षा धरण्याची. मुंबईत वातावरणाचा दाब १ बारच्या जरा वर, पुण्यात ०.९५च्या आसपास, तर महाबळेश्वरला ०.८६च्या जवळपास असतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या गॅरेजातला काटा मुंबईच्या काट्याइतका कधीच जाणार नाही, आणि त्यात साधनाचा दोष नसतो. पूर्ण व्हॅक्यूम कोणत्याही साधनाने होत नाही; थोडी हवा उरतेच. म्हणून भरल्यानंतरही इंजिन गरम करून, थंड झाल्यावर पातळी पाहायची. असे साधन घेताना आपला कॉम्प्रेसर सुमारे ६ बार, म्हणजे ९० पौंडांच्या आसपासचा दाब सलग टिकवतो का, हे आधी पाहावे. टायरमध्ये हवा भरण्यापुरता छोटा कॉम्प्रेसर मध्येच दमतो.

दुसरा प्रश्न भेसळीचा. ‘हिरव्यात हिरवे, लालात लाल’ हा नियम अजून पुष्कळ मेस्त्री पाळतात. पण रंग हा नुसता घातलेला रंग असतो. सर्व उत्पादकांना बंधनकारक असे रंगाचे कोणतेही मानक नाही. सिलिकेटवर चालणारी जुनी जात, सेंद्रिय आम्लांवर चालणारी दीर्घायुषी जात आणि दोन्हींचा संकर अशा जाती बाजारात आहेत. १९९०च्या दशकाच्या मध्यात जनरल मोटर्सने सेंद्रिय आम्लांचे कूलंट आपल्या गाड्यांत वापरायला घेतल्यापासून हे प्रकार वाढतच गेले. भलत्याच जाती मिसळल्या तर गंजरोधकांचे आयुष्य घटते, काही वेळा साका धरतो. ट्रकच्या डिझेल इंजिनांत लायनरला बुडबुड्यांमुळे खड्डे पडतात, ते रोखणारी द्रव्ये त्यांच्या कूलंटमध्ये निराळी असतात. ज्या यंत्राला स्वतःची टाकी आणि पंप असतो, त्याच्या टाकीच्या तळाशी, पंपात आणि नळ्यांत आधीच्या गाडीचे द्रव राहतेच. एकाच कंपनीच्या सेवा केंद्रात ते चालते. तिथे बहुतेक गाड्यांत एकच जात असते. सर्व प्रकारच्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजात दर वेळी यंत्र धुतले नाही तर ते भेसळीचे यंत्र बनते. व्हॅक्यूमचे साधन थेट त्या गाडीच्या कॅनमधून ओढते. मागे राहते ते फक्त नळीपुरते, आणि तेही झटकून टाकता येते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. यंत्राच्या पारदर्शक नळीतून तपकिरी द्रव जाताना आणि स्वच्छ रंग येताना ग्राहक स्वतः पाहतो, विश्वास बसतो, पैसे देताना घासाघीस होत नाही. हे खरे आहे आणि गॅरेज चालवणाऱ्याने ते हलक्यात घेऊ नये. पण नळीतला स्वच्छ रंग वाहत्या द्रवाबद्दल सांगतो, ब्लॉकच्या कोपऱ्यात काय आहे याबद्दल नाही. तोच विश्वास कामाआधी आणि कामानंतर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा दाखवून, आणि तो बिलावर लिहून, अधिक टिकाऊपणे मिळवता येतो. दुसरा आक्षेप गाळाचा : वर्षानुवर्षे पाण्यावर चाललेल्या गाडीला यंत्राच्या दाबाने धुतले नाही तर घाण जाणार कशी? उत्तर असे की अशा गाडीत दाब सर्वांत धोक्याचा असतो. सुटलेला गाळ हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तिथे कमी जोराने पुन्हापुन्हा धुणे आणि गरज पडली तर रेडिएटर उतरवणे हाच मार्ग. धुतल्यावर ब्लॉकमध्ये नुसते पाणी उरते, हे लक्षात ठेवून आधी कॉन्सन्ट्रेटचा हिशेबाने ठरवलेला वाटा भरावा. थेट रेडी-मिक्स ओतले तर मिश्रण पातळ होते.

तेव्हा खरेदीचा क्रम असा पडतो : आधी रिफ्रॅक्टोमीटर आणि झाकणासह यंत्रणेचा दाब तपासणारा पंप, मग व्हॅक्यूमचे साधन, आणि गाड्यांची संख्या तेवढी असेल तरच टाकीचे यंत्र. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्या या क्रमाला बळच देतात. त्यांत बॅटरी आणि इन्व्हर्टरसाठी स्वतंत्र शीतन-मार्ग असू शकतात, काहींना कमी विद्युत्‌वाहक असे खास कूलंट लागते, आणि विद्युत पंप स्कॅनरवरून चालवून हवा काढावी लागते. अशा गाडीत शिल्लक द्रवाची भेसळ मुळीच खपत नाही.

या सर्वांइतकेच आवश्यक एक साधन आहे, ज्याला किंमत फारशी नाही : काढलेल्या कूलंटसाठी घट्ट झाकणाचा, वर नाव लिहिलेला वेगळा कॅन. वापरलेले कूलंट जळक्या ऑइलात मिसळले तर ते ऑइलही पुनर्वापराला निकामी होते. गटारात सोडले तर नाल्यातला प्राणवायू खाते. ते अधिकृत कचरा उचलणाऱ्याकडेच द्यावे. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि सुमारे १०० मिलिलिटर पोटात गेले तर मोठा माणूसही दगावू शकतो. उरलेले कूलंट पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.