वाचले की लिहावे लागते

समजा, एखाद्या ग्रंथालयात असा नियम आहे की कोणी पुस्तक नुसते उघडून पाहिले तरी ग्रंथपालाने वहीत त्या पुस्तकापुढे वेळ लिहायची. दिवसाला दहा वाचक येत असतील तर हे सहज जमेल. दहा हजार आले तर मात्र ग्रंथपालाचा सारा दिवस वही लिहिण्यातच जाईल. संगणकाच्या युनिक्स प्रणालीत अगदी असाच एक नियम होता. तो का आला, त्याचा जाच कधी सुरू झाला आणि त्यातून वाट कशी काढली गेली, हे पाहू.

युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. या दोघांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांच्या संगणकाचे वर्णन आहे. त्याला काढता-घालता येणाऱ्या चकत्यांची चार यंत्रे होती आणि प्रत्येक चकतीवर सुमारे २५ लाख अक्षरे मावत. चकती यंत्रात बसवली की तिच्यावरचा फायलींचा पसारा मुख्य वृक्षाच्या एखाद्या फांदीला जोडावा लागे. या जोडणीच्या आज्ञेचे नाव ‘माउंट’, म्हणजे चढवणे. आज चकती हाताने चढवावी लागत नाही, पण नाव तेच राहिले आहे.

प्रत्येक फाइलबरोबर प्रणाली एक छोटे नोंदपत्रक ठेवते. त्याला ‘इनोड’ म्हणतात. फाइल कोणाची, केवढी, शेवटी कधी बदलली, ही माहिती त्यात असते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत शेवटी कधी वाचली, ही वेळही त्यात होती. हिला ‘ए-टाइम’ म्हणतात. बरेच दिवस न वापरलेल्या फायली शोधून काढायला ती उपयोगी पडते. पण तिचा अर्थ असा की फाइल वाचली की इनोडमध्ये लिहिणे आले!

यातली अडचण फार लवकर ध्यानात आली होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात माउंट आज्ञेला ‘फक्त वाचनासाठी’ असा पर्याय आहे. लिहिण्यास बंदी केलेली चकती किंवा चुंबकीय फीत याच पर्यायाने जोडावी, नाहीतर कोणी काही लिहिले नाही तरी वाचनाची वेळ नोंदवताना चूक होईल, असा इशारा तेथे दिला आहे.

आता थोडे गणित करू. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकती एका सेकंदात १२० फेरे घेते. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८-९ सहस्रांश सेकंद धरा. म्हणजे विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण ८० कामे होतात. प्रणाली पुष्कळ नोंदी साठवून एकत्र लिहिते, पण फायली लाखोंनी असल्या की तेही पुरत नाही.

हा भार पहिल्यांदा ठळकपणे जाणवलेल्या ठिकाणांत यूझनेटचे बातमी-सर्व्हर येतात. त्यांवर हजारो लहान फायली सतत वाचल्या जात. लायनक्समध्ये यासाठी ‘नो-ए-टाइम’ हा माउंट-पर्याय होता. त्याने वाचनाची वेळ नोंदणे बंद होते. मग तो सर्वांनाच का लावला नाही? कारण काही आज्ञावल्या त्या वेळेवर विसंबून होत्या. टपालपेटीची फाइल बदलल्याची वेळ वाचल्याच्या वेळेपेक्षा नंतरची असेल तर नवे पत्र आले आहे, असे त्या ओळखत.

तोडगा २००७ मध्ये लायनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आला. ‘रेल-ए-टाइम’ या पर्यायात वाचनाची वेळ दरवेळी न लिहिता, जुनी नोंद फाइलमधल्या शेवटच्या बदलाच्या आधीची किंवा त्याच वेळची असेल तेव्हाच लिहिली जाते. २००९ च्या २.६.३० आवृत्तीपासून हीच नेहमीची पद्धत ठरली. नोंद २४ तासांहून जुनी असेल तर ती नव्याने करावी, ही भरही तेव्हा पडली. टपाल ओळखणाऱ्या आज्ञावल्यांचे भागले आणि न वापरलेल्या फायली शोधणाऱ्यांचेही.

योगायोग असा, की एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याची ‘केव्हीएम’ ही सोयही २.६.२० मध्येच लायनक्सच्या गाभ्यात आली. आभासी सर्व्हरांच्या यजमान संगणकावर हा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. एका यजमानावर वीस पाहुणे आहेत आणि पहाटे प्रत्येक जण आपल्या सगळ्या फायली उघडून तपासतो, असे समजा. नोंदी एका दिवसाच्या जुन्या झालेल्या असतात. म्हणजे २४ तासांच्या नियमाने रोज किंवा दिवसाआड प्रत्येक फाइलसाठी लिहिणे आलेच. पहाटे सर्व पाहुणे मंदावतात आणि कोणी काहीच लिहीत नव्हते, असे प्रत्येक जण सांगतो.

अशा वेळी दोष शोधताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, ‘एफ-एस-टॅब’ या फाइलमध्ये लिहिलेले पर्याय हा नुसता बेत असतो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘माउंट्स’ ही फाइल सांगते. भिंतीवरचे वेळापत्रक आणि वर्गात चालू असलेला तास यांत असतो तसाच हा फरक आहे. बेत बदलला तरी पुन्हा माउंट करेपर्यंत काही बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाहुण्याचा प्रकार. केव्हीएमच्या पाहुण्याला स्वतःचा गाभा असतो. त्याची अख्खी चकती यजमानाच्या दृष्टीने बहुधा एकच मोठी फाइल असते. तेथे यजमानावर ‘नो-ए-टाइम’ लावून पाहुण्याच्या आतल्या नोंदी थांबत नाहीत, तो पर्याय पाहुण्यातच लावावा लागतो. ‘कंटेनर’ प्रकारात सर्वांचा गाभा एकच असतो आणि मुख्य जोडणी यजमान करतो. तेथे पाहुण्याने आपल्या एफ-एस-टॅबमध्ये लिहिलेल्या पर्यायाचा सहसा उपयोग होत नाही. एकाच तक्रारीवरचा उपाय एकदा आत आणि एकदा बाहेर असतो, तो असा.

लायनक्स असलेल्या संगणकावर विद्यार्थ्यांकडून हे करून घेता येईल. एक लहान फाइल तयार करा आणि ‘स्टॅट’ या आज्ञेने तिच्या वेळा पाहा. मिनिटभराने ‘कॅट’ आज्ञेने फाइल वाचा आणि पुन्हा वेळा पाहा. वाचनाची वेळ बदललेली दिसेल. आणखी मिनिटभराने परत वाचा. आता ती बदलणार नाही. मग फाइलमध्ये एक ओळ वाढवून वाचा, ती पुन्हा बदलेल. असे का झाले, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. ज्या संगणकावर वेळ एकदाही बदलली नाही, तेथे कोणता पर्याय लागू असेल, हेही विचारा. त्यांचे उत्तर बरोबर आहे की नाही, ते ‘माउंट्स’ ही फाइल उघडून त्यांनाच पडताळून पाहता येईल.