सायकलसकट मुक्काम: जर्मनीतली 'बेट प्लस बाइक' पाटी नेमकी काय सांगते?

दिवसभरात 70-80 किलोमीटर सायकल चालवून तुम्ही हॉटेलवर पोहोचता आणि काउंटरवरून उत्तर येतं, "सायकल बाहेरच लावा." रात्रीतून सायकल गेली, तर सहल तिथेच संपली.

जर्मनीत या अडचणीवर 1995 पासून एक व्यवस्था आहे, 'बेट प्लस बाइक'. जर्मन भाषेत 'बेट' म्हणजे पलंग. एडीएफसी ही तिथली सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना. तिचे निकष पूर्ण करणाऱ्या हॉटेलं, गेस्टहाउस आणि कॅम्पिंगच्या जागांना ही पाटी मिळते. आज अशी हजारो ठिकाणं आहेत.

निकष कोणते?

सगळ्यात महत्त्वाचा निकष वरवर किरकोळ वाटतो: एका रात्रीसाठीही खोली द्यायची. पर्यटनाच्या ठिकाणी, विशेषतः शनिवार-रविवारी, अनेक हॉटेलं 'किमान दोन रात्री' अशी अट घालतात. रोज पुढच्या गावी जाणाऱ्या सायकलस्वाराला ती परवडत नाही.

दुसरा निकष कुलूपबंद जागेचा. तिसरा, ओले कपडे आणि सामान वाळवायची सोय. पावसात भिजलेले बूट सकाळी तसेच चढवावे लागले की याची किंमत कळते! शिवाय पोटभर नाश्ता किंवा स्वयंपाकाची सोय, दुरुस्तीची साधी हत्यारं, जवळच्या सायकल दुकानाचा पत्ता आणि परिसराचे नकाशे.

फ्रान्समध्ये अशीच 'आक्योई व्हेलो' नावाची पाटी आहे. तिथे एक अट जास्तीची: जागा सायकल मार्गापासून 5 किलोमीटरच्या आत हवी. थकल्यावर 10 किलोमीटरचा वळसा कोण घेईल?

ई-बाइकमुळे आता चार्जिंगचा प्रश्नही आला. या सायकली साधारण 20 ते 25 किलोच्या असतात. त्यामुळे सायकलची खोली तळघरात, पायऱ्या उतरून असेल, तर ती सोय कागदावरच राहते.

आपल्याकडे काय विचारायचं?

पुणे-गोवा किंवा कोकण किनाऱ्याने सायकलवर जाणारे मराठी ग्रुप आता नवीन नाहीत. बुकिंग करताना "सायकल चालेल ना?" एवढंच विचारलं, तर उत्तर बहुधा "हो" येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: सायकल रात्री कुठे राहील, त्या जागेला कुलूप आहे का? तळमजल्यावरची खोली मिळेल का? पहाटे निघायचं असेल, तर आदल्या रात्री नाश्ता बांधून द्याल का? आणि किनाऱ्याच्या वाळूतून आल्यावर चेन धुवायला अंगणात नळ आहे का?